जोडदिव्यांची तार

१

दसऱ्याला वाटलेली आपट्याची पानं अजून उंबऱ्यावरच होती. तेवढ्यात छावणीतून सुधाताईंचा नेहमीचा टांगेवाला आला, राजलक्ष्मीच्या हातात एक गठुळं ठेवलं आणि टांगा वळवून निघून गेला. गठुळ्यात तिच्या लेकीचं, चिमीचं, दुपटं होतं. सुधाताई ते श्रावणापासून शिवत होत्या, येता-जाता चिमीच्या अंगावर धरून मापं घेत होत्या. एका कडेला सुई तशीच टोचलेली होती आणि तिचा दोरा खाली लोंबत होता.

अर्धवट शिवलेलं दुपटं कुणी उगाच परत पाठवत नाही. राजलक्ष्मीने मागे वळून पाहिलं. तिचा नवरा शरच्चंद्र पलंगाच्या कडेला बसला होता. हातातल्या चहावर साय धरली होती.

संभाजीराव आदल्या संध्याकाळी फटफटीवरून पडला होता. संभाजीराव म्हणजे सुधाताईंचा नवरा आणि शरच्चंद्राचा शाळेपासूनचा मित्र. ग्वाल्हेरची फौज मोडली तेव्हा लिलावात निघालेली खाकी फटफटी त्याने घेतली आणि तिच्याच जोरावर मध्यभारत सरकारच्या दफ्तरात डाक पोचवणारा स्वार म्हणून लागला. आता मध्यभारतही मोडत होता. नोव्हेंबर लागला की नवं राज्य आणि राजधानी भोपाळ. मेजा, कपाटं, पंखे रोज स्टेशनाकडे चालले होते. गाडीनिशी वेळेवर भोपाळला हजर झालास तर तुझी जागा पक्की, असं संभाजीरावाला वरून कळलं होतं. त्याने मुहूर्त धरला तो दसऱ्याचा. शमीची पूजा आटोपून सीमोल्लंघन करायचं आणि तसंच पुढे जायचं. वाट शिवपुरीच्या जंगलातली, म्हणून पुढच्या अंगाला दोन जादा दिवे, विजेचा भोंगा आणि मागे लाल दिवा असा सगळा थाट त्याने करून घेतला होता. केला होता शरच्चंद्राने. तो वीजखात्यात ओव्हरसियर, आणि तार दिसली की बोटं शिवशिवणारा माणूस.

नाका ओलांडल्यावर अंधारून आलं. संभाजीरावाने जोडदिव्यांची कळ दाबली. ते दिवे तर लागले नाहीतच, पण चालू असलेला मोठा दिवाही गेला. इंजिनाची ठिणगी वेगळी, तिला बॅटरी लागत नाही, त्यामुळे गाडी डोळे मिटल्यासारखी तशीच धावत राहिली आणि रस्त्याच्या कामाला रचलेल्या खडीच्या ढिगावर जाऊन आदळली. मांडीचं हाड मोडलं. पाय राहील की नाही ते डॉक्टर अजून सांगत नव्हते.

“माझ्याच हातानं झालंय,” शरच्चंद्र म्हणाला. “कळ दाबली आणि सगळंच गेलं. म्हणजे जोड माझाच चुकला.”

दफ्तरात चौकशी बसली होती. सरकारी स्वाराच्या गाडीला न विचारता तारा जोडल्या, हा ठपका सिद्ध झाला तर भोपाळला जाणाऱ्यांच्या यादीतून शरच्चंद्राचं नाव जाणार होतं आणि नोकरीही टिकली तर नशीब. राजलक्ष्मीला त्याची भीती होतीच. पण तिला त्याहून जास्त झोंबत होतं ते ती कुणाशी बोलू शकत नव्हती. हा माणूस यापुढे जन्मभर स्वतःच्या हातांकडे असाच बघत बसणार का?

तिने विचारलं, अष्टमीला आपण सगळ्यांनी ते दिवे लागलेले पाहिले होते ना? पाहिले होते, तो म्हणाला. मग त्यानंतर गाडीला हात कुणी लावला?

“कुणीच नाही. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती,” शरच्चंद्र म्हणाला, आणि बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता.

२

खंडेनवमीला हत्यार चालवत नाहीत. राजलक्ष्मीने तर घरातली विळी, कात्री, शरच्चंद्राची पक्कड आणि पेचकस, सगळं पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं होतं. सकाळीच तो पक्कड मागायला आला होता, एक छोटंसं काम राहिलंय म्हणाला. तिने ठाम नाही म्हटलं होतं. आज नाही, दसऱ्याची पूजा उतरली की उचला. ती सकाळ आता तिला राहून राहून आठवत होती.

चिमीला दूध पाजून, ती पेंगल्यावर खांद्याशी धरून, राजलक्ष्मी टांग्याने पडाव बाजारात गेली. मोडकी फटफटी स्टेशनाजवळ बळवंतच्या गॅरेजात आणून टाकली होती. बळवंत घरचा मराठी, पण त्याच्या तोंडात निम्मी हिंदी होती आणि गॅरेज बाजाराच्या रिवाजाने चालायचं. संभाजीरावाच्या गाडीचं काम आजवर त्याच्याकडेच असे. जोडदिव्यांचं काम शरच्चंद्राने केलं याचा राग त्याने लपवलाही नाही.

“भाभीजी, मी पहिलेच बोललो होतो, बाबूलोकांनी गाडीला हात नाही लावायचा,” तो म्हणाला. “आता बघा, पैर पण गेला नि गाडी पण.”

गाडीच्या हँडलला दसऱ्याचा झेंडूचा हार अजून होता, सुकून तपकिरी झालेला. राजलक्ष्मीने तो वर उचलला. खाली, टाकीच्या पुढे, शरच्चंद्राची लाल तार सांगाड्याच्या नळीला पट्टीने नीट बांधलेली होती, आणि बरोबर हाराआड ती तुटली होती. कळेकडून येणारं टोक नळीला टेकून जळालं होतं. नळीवरचा रंगही तिथे काळा पडला होता. म्हणजे कळ दाबल्याबरोबर वीज दिव्यांपर्यंत न जाता तिथेच लोखंडात उतरली आणि फ्यूज उडाला. एवढं तिला कळत होतं. शरच्चंद्राच्या संसारात आलेल्या बाईला फ्यूज म्हणजे काय ते कळल्यावाचून कसं राहील?

दिव्यांकडे जाणारं दुसरं टोक मात्र जळालं नव्हतं. तिने ते उजेडात धरलं. आतले सगळे तांब्याचे धागे एका लांबीचे होते, नखं कापावीत तसे. ओढून तुटलेली तार अशी नसते. तिचे धागे पिंजारतात, एक आखूड, एक लांब.

ती तार अपघातात तुटली नव्हती. कुणीतरी कापली होती.

तिने बळवंतकडे पाहिलं नाही. नुसतंच विचारलं की नवमीला गॅरेज बंद होतं का. तो हसला. पडावात हत्यारांची पूजा दशमीला होते, नवमीला तर कामाची गर्दी. त्या दिवशी तो छावणीतही जाऊन आला होता, फटफटीची साखळी आवळायला. पाना लावला न लावला तोच संभाजीरावाचे वडील, आबासाहेब, घरातून ओरडत आले. आज पूजेतल्या गाडीला लोखंड लावतोस, माझ्या अंगणातून चालता हो.

“म्हणजे नवमीला तुम्ही त्या अंगणात होता, आणि पक्कड तुमच्या खिशात होती,” राजलक्ष्मी म्हणाली.

बळवंतचं हसू विरलं. पक्कड तर तेव्हाही होती नि आताही आहे, त्याने सांगितलं आणि ती खिशातून काढून दाखवली. राजलक्ष्मीने त्याला त्याच तारेचा दुसरा एक तुकडा त्या पक्कडीने तोडून द्यायला सांगितला. गाडीवरचं ते चकचकीत टोकही तिने कापून घेतलं आणि दोन्ही तुकडे रुमालाच्या दोन कोपऱ्यांत बांधले. चिमी जागी होऊन रुमालाकडे हात करू लागली.

“काय करताय भाभीजी?” बळवंतने मागून विचारलं. त्याच्या आवाजातली मस्ती गेली होती.

३

घरी दारात गोपाळकृष्ण वाट बघत उभा होता. शरच्चंद्राच्याच खात्यातला, त्याच्याच हुद्द्याचा. भोपाळच्या यादीत शरच्चंद्राच्या नावाखाली याचं नाव होतं, आणि वरचं पुसलं की खालचं वर सरकणार होतं. हातात पेरूंची पिशवी आणि चेहऱ्यावर सहानुभूती घेऊन तो आला होता.

त्याने शरच्चंद्राला भरपूर धीर दिला. चौकशीत आपण त्याच्याच बाजूने बोलू म्हणाला. शरच्चंद्र ऐकून न ऐकल्यासारखा मागच्या अंगणात निघून गेला, तेव्हा गोपाळकृष्णाने आवाज उतरवला.

“वहिनी, एक विचारू? नवमीला आबासाहेबांकडे आपण सगळे जेवायला होतो. तुम्ही टांग्यात बसलात, मी पान खात कोपऱ्यावर थांबलो होतो. तेव्हा शरद एकटाच परत आत गेला. तुम्हाला सांगून गेला होता का?”

राजलक्ष्मीने चिमीचं टोपडं सारखं केलं. शरच्चंद्र त्या दिवशी दफ्तरात जाऊन येतो म्हणाला होता. ती चिमीला घेऊन पुढे निघून आली होती.

ती म्हणाली, सांगून गेले होते. आणि आपण खोटं बोललो, ते याला कळलं असणार, असंही तिला वाटलं.

गोपाळकृष्णाने मान हलवली, खिशातून चाकू काढला आणि पेरू कापायला घेतला. हा चाकू त्याच्याजवळ कायम असे. पूजाअर्चा तो मानत नव्हता, उलट कुणी मानलं की त्याला चेव यायचा. नवमीला आबासाहेबांच्या पंगतीतही त्याने मुद्दाम याच चाकूने पेरू चिरले होते, आणि आबासाहेब पानावरून उठून गेले होते. ते आठवून तो आताही हसला. राजलक्ष्मीने पेरू घेतला नाही. रुमालातल्या बळवंतच्या तुकड्याचं दुसरं टोक तिने त्याच्यापुढे धरलं आणि एवढं कापून द्या म्हणाली. त्याने पातं दोनदा घासून तुकडा दिला. टोकाला धागे एका बाजूला ओढल्यासारखे झाले.

तो गेल्यावर राजलक्ष्मी खिडकीत बसली. बळवंतच्या पक्कडीने तोडलेलं टोक दोन्हीकडून चिमटलेलं होतं, मध्ये उंचवटा, आंब्याच्या बाठ्यासारखा. गोपाळकृष्णाच्या चाकूचं एका अंगाला ओढलेलं. आणि गाडीवरचं यांतल्या कशासारखंच नव्हतं. ते वरून उतरतं होतं आणि खालून चपटं, जणू एखाद्या दगडावर ठेवून वरून पातं टेकलं असावं.

चिमी जमिनीवर रांगत दारापर्यंत गेली होती आणि काहीतरी तोंडात घालत होती. राजलक्ष्मीने झडप घालून तिची मूठ उघडली. आत लाल तारेचा बोटाएवढा तुकडा होता. दारावरच्या तोरणाचा. वाऱ्याने दोरा तुटतो म्हणून यंदा तिने शरच्चंद्राच्या कामातून उरलेल्या तारेतच झेंडू ओवले होते. तोरण तिने बांधलं नवमीच्या सकाळी. पूजा आधीच मांडून झाली होती, कात्री-पक्कड पाटावर, म्हणून जास्तीची टोकं तिने अडकित्त्याने तोडली होती. अडकित्त्याची पूजा कुणी करत नाही. तो पानाच्या डब्यातच असतो.

तिने लेकीच्या मुठीतला तुकडा गाडीच्या तुकड्याशेजारी धरला.

वरून उतरतं, खालून चपटं. दोन्ही टोकं सारखी.

४

तिला आता सगळं नको तितकं नीट दिसत होतं. नवमीला बळवंतजवळ पक्कड होती, गोपाळकृष्णाजवळ चाकू. त्यांनी ती तार अडकित्त्याने कशाला कापली असती? ज्याला हत्यार हवं होतं, पण पूजेतलं हत्यार उचलणं ज्याच्या हातून होणार नव्हतं, तोच माणूस पानाच्या डब्याकडे वळला असणार. वाईट काम करतानाही ज्याला नवमी पाळायची होती असा कुणीतरी. या सगळ्यांत नवमी पाळणारी घरं दोनच होती. एक आबासाहेबांचं आणि दुसरं तिचं स्वतःचं. आणि तिने पक्कड दिली नव्हती.

शरच्चंद्र अंगणात चिमीची लंगोटी वाळत घालत होता. ती कामं तो एरवी करायचा नाही. राजलक्ष्मीला वाटलं, न विचारलेलंच बरं. चौकशीत जे व्हायचं ते होईल, माणूस तरी आपला राहील. पण मग रोज रात्री शेजारी झोपणाऱ्या माणसाविषयी हा संशय पदरात बांधून भोपाळला जायचं, नाहीतर इथेच राहायचं. तिला ते जमणार नव्हतं.

“अहो, नवमीला तुम्ही आबासाहेबांकडे परत कशाला गेला होतात?”

त्याने लंगोटी दोरीवर घातली, चिमटा लावला, मग खाली ठेवलेल्या बादलीकडे बघत बोलू लागला. जोडदिव्यांना वेगळा फ्यूज हवा होता. तो अष्टमीला मिळाला नाही, म्हणून त्याने सगळे दिवे एकाच फ्यूजवर घेतले. नवमीला तो मिळाला. पण पक्कड पूजेत होती. म्हणून संभाजीला सांगायला तो परत गेला, की एक दिवस थांब, मला ते काम पुरं करू दे. वेगळा फ्यूज असता तर जोडदिवे गेले असते, मोठा दिवा राहिला असता.

“मग सांगितलं नाहीत?”

“संभाजी घरात झोपला होता. अंगणात आबासाहेब एकटेच होते, गाडीशेजारी पाटावर बसलेले, हार सारखा करत. मला बघून त्यांनी विचारलं, काय राहिलं? मला लाज वाटली. काही नाही म्हटलं आणि परत आलो.”

 पक्कड आपण दिली नाही, हे राजलक्ष्मीला बोलायचं होतं, पण आधी ती आत गेली आणि घरातला अडकित्ता घेऊन आली. त्याच्या पात्याला मधोमध एक खांडा होता, सासूबाईंनी कधीतरी त्यावर खारीक फोडली होती त्याचा. तिने तोरणाचा तुकडा पुन्हा उजेडात धरला. चपट्या टोकाच्या मध्ये एक धागा दातासारखा पुढे आलेला होता, खांड्यातून सुटलेला. मग गाडीवरचा तुकडा धरला. तिथे दात नव्हता. धार सलग होती.

शरच्चंद्र बादली ओलांडून जवळ आला.

“हा आपल्या घरचा नाही,” ती म्हणाली, आणि तिला एकदम हलकं वाटलं. पण दुसऱ्याच क्षणी तिला कळलं की राहिलेलं घर आता एकच आहे. त्या घरात सलग धारेचा एक अडकित्ता होता, चंचीत घालून कमरेला लावलेला, आणि त्याचा मालक तो दुसऱ्याच्या हाती कधी देत नसे.

५

इस्पितळाच्या व्हरांड्यात आबासाहेब बाकावर ताठ बसले होते. नाव सदाशिवराव, पण लहानथोर सगळे आबासाहेबच म्हणत. रिसाल्यात हयात गेलेली. फौज मोडली त्या दिवशी घोडे लिलावात गेले, तेव्हा यांनी आपल्या घोडीच्या मानेवरून हात फिरवला आणि त्यानंतर म्हणे त्या मैदानाकडे पाऊल टाकलं नाही.

सुधाताई आतून आल्या, राजलक्ष्मीला पाहिलं आणि तशाच परत वळल्या. आबासाहेबांनी मात्र बाकावर जागा करून दिली आणि चिमीच्या गालाला बोट लावलं. पायात रक्त फिरतंय म्हणाले डॉक्टर. पाय राहील. लंगडेल, पण राहील. 

राजलक्ष्मीने चिमीला मांडीवर घेतलं. मग खांड मागितलं, सुपारीचं. आबासाहेबांनी चंची सोडली आणि अख्खी सुपारी तिच्या हातावर ठेवली.

“फोडून नाही देणार?”

“अडकित्ता बोथटलाय, पोरी.”

“कशानं?”

त्यांनी चंची पुन्हा बांधली. राजलक्ष्मीने रुमालाचा कोपरा सोडला आणि लाल तारेचा तुकडा सुपारीशेजारी ठेवला. म्हाताऱ्याने त्याकडे एकदा पाहिलं. नाकारण्यासाठी त्यांनी काही म्हटलं असतं तर तिच्याजवळ सगळं तयार होतं, बळवंतची पक्कड, गोपाळकृष्णाचा चाकू, खांड्याचा दात. त्यातलं काहीच बोलावं लागलं नाही.

“हा पोरगा निघण्याआधी दिवे लावून बघतो,” ते हळू म्हणाले. “नेहमी बघतो. मी म्हटलं, लागणार नाहीत. तारा कुठे तुटल्या ते हुडकण्यात मुहूर्त टळेल. एकदा दसरा टळला की त्याचं पाऊल इथून निघायचं नाही, दुसरा कुणी जाईल भोपाळला. एवढंच मनात होतं.”

“मग बघितलं का नाही त्यांनी?”

“ऊन होतं. सुधा ओवाळत होती. तो हसून म्हणाला, आबा, उन्हात दिवा लागला काय न लागला काय, दिसतोय कुठे. आणि किक मारली. मी तोंड उघडेपर्यंत कोपऱ्यावर गेला होता.”

मोठाही दिवा जाईल हे त्यांच्या स्वप्नात नव्हतं. फ्यूज हा शब्द त्यांनी अपघातानंतर ऐकला. फौज गेली, घोडे गेले, दफ्तरं चालली. पोरगा तरी राहू दे म्हटलं, ते सांगत होते, आणि चिमी त्यांच्या मिशांकडे हात करत होती.

“पक्कड घरात होती की,” राजलक्ष्मी म्हणाली. “संभाजीरावांची. पाटावर.”

आबासाहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने भलतंच काही विचारलं.

“पूजेतली?” ते म्हणाले.

राजलक्ष्मी उठली. तिने धमकी दिली नाही, हात जोडले नाहीत. चौकशी उद्या आहे आणि शरच्चंद्र तिथे कबूल करणार आहे की चूक त्याची, एवढंच सांगितलं. व्हरांड्याच्या टोकाला पोचल्यावर तिने वळून पाहिलं. आबासाहेब अजून तळहातावरच्या तारेकडे बघत होते. पुरावा तिने तिथेच सोडला होता, आणि हा शहाणपणा केला की मूर्खपणा, हे तिला टांग्यात बसेपर्यंत ठरवता आलं नाही.

६

दुसऱ्या दिवशी दफ्तराबाहेरच्या लिंबाखाली ती चिमीला मांडीवर घेऊन बसली होती. आत शरच्चंद्र होता, गोपाळकृष्ण होता, बळवंतलाही बोलावलं होतं. गोपाळकृष्णाने जाता जाता तिच्याकडे पाहिलं आणि सांत्वनाचं हसला. फाटकाशी टांगा थांबला नाही, कुणी आलं नाही. तिने स्वतःला बजावलं की आता आपणच आत जाऊन बोलायचं. पण हातात होतं काय? तार म्हाताऱ्याकडे.

मग टांगा थांबला. आबासाहेबांनी रिसाल्याचा जुना फेटा बांधला होता. रंग विटला होता, पण बांधणी तीच, तुरा ताठ. तिच्याशेजारून ते सरळ आत गेले.

आत काय झालं ते तिला शरच्चंद्राने सांगितलं. आबासाहेबांनी तार आणि अडकित्ता साहेबांच्या मेजावर ठेवला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. साहेबांनी बसायला सांगितलं तरी बसले नाहीत. गोपाळकृष्ण म्हणाला की हे मित्राला वाचवण्यासाठी रचलेलं असू शकतं. तेव्हा बळवंतने मध्येच तोंड घातलं. टोक बघा साहेब, म्हणाला, हे ना माझ्या पक्कडीचं, ना कुठल्या चाकूचं. भाभीजींनी माझ्याकडून तुकडा तोडून नेला तेव्हाच समजलो होतो मी. साहेबांनी तुकडा भिंगाखाली धरला, आणि शरच्चंद्रावरचा ठपका काढला. न विचारता काम केल्याची समज तेवढी दिली. पुढे आबासाहेबांचं काय करायचं हे संभाजीरावाच्या तक्रारीवर होतं.

तक्रार झाली नाही. राजलक्ष्मी आणि शरच्चंद्र त्या संध्याकाळी इस्पितळात गेले तेव्हा बाप आणि मुलगा एकमेकांकडे न बघता बसले होते, आणि सुधाताई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. संभाजीराव म्हणाला,

“आबा, मला सांगायचं होतंत.”

“तू थांबला असतास?”

संभाजीरावाने विचार केला. “नाही.”

“म्हणून नाही सांगितलं.”

 सुधाताईंनी राजलक्ष्मीकडे न बघताच हात पुढे केला. ते दुपटं आणलंयस का, म्हणाल्या. राजलक्ष्मीने आणलं होतं. सुई अजून तशीच टोचलेली होती.

भोपाळची ती जागा दुसऱ्या स्वाराला गेली. संभाजीराव काठी घेऊन चालायला लागला आणि मग काठी सोडूनही, डाव्या पायाने जरा लंगडत. फाल्गुनात त्याला दुसरं बोलावणं आलं. शरच्चंद्राचं नाव तर यादीत होतंच, त्याच्या खात्याची पाळीही तेव्हाच आली. दोन्ही घरं एकाच आठवड्यात निघायची ठरली, बायकामुलं आगगाडीने आणि हे दोघं फटफटीने. बळवंतने गाडी दुरुस्त केली आणि शरच्चंद्राने सगळ्या तारा नव्याने घातल्या. या वेळी जोडदिव्यांना वेगळा फ्यूज होता. तो जोड करताना आबासाहेब शेजारी पाटावर बसले, तारेचं एक टोक धरून. पक्कड मागितली की पक्कड द्यायचे, पेचकस मागितला की पेचकस. त्यांच्या कमरेला चंची होती, पण सुपारी आता सुधाताई फोडून द्यायच्या.

निघायच्या दिवशी ऊन असं होतं की अंगणाकडे बघवत नव्हतं. सुधाताईंनी ओवाळलं. संभाजीरावाने किक मारायला पाय उचलला, तेव्हा आबासाहेब गाडीच्या पुढे येऊन उभे राहिले.

“लावून बघ,” ते म्हणाले.

“आबा, उन्हात काय दिसणार?”

“तू लाव.”

संभाजीरावाने कळ दाबली. उन्हात खरंच काही दिसलं नाही. मग म्हातारा गुडघ्यावर बसला, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि जोडदिव्याच्या काचेपुढे धरली, जवळजवळ टेकवून. राजलक्ष्मीने वाकून पाहिलं. ओंजळीच्या सावलीत, त्या सुरकुत्यांवर, पिवळा उजेड पडला होता.

आबासाहेबांनी दुसऱ्या दिव्यापुढेही तसाच हात धरला. मग उठले, गुडघे झटकले आणि वाटेतून बाजूला झाले.